धुक्यातला उत्तरार्ध

बसा, खुर्ची शेगडीजवळ ओढून घ्या. चहा होतोच आहे. तुम्ही किट फिअरनचं नाव काढलंत म्हणून सांगतो, नाहीतर हल्ली हे मी कुणाला सांगत नाही. ऐकताना लोक हसतात, आणि निघायच्या वेळी उगाच खिडकीबाहेर बघत राहतात.

डिसेंबरातला शनिवार होता. दुपारचं जेवण उरकून मी किटला न्यायला निघालो. दर शनिवारचं ते माझं ठरलेलं काम. आम्ही दोघं एकाच खाणीत, एकाच पाळीला होतो, आणि सॉल्टबेकच्या मैदानावर समुद्राकडच्या पायऱ्यांवर उभं राहायची आमची जागाही एकच. पुढे किटची दृष्टी गेली. डोळे गेल्यावर त्यानं खाण सोडली, बायको गेल्यावर स्वयंपाक सोडला, पण सामना काही सोडला नाही. तो कठड्याला रेलून उभा राहायचा आणि मी त्याच्या कानाशी सामना सांगायचा. चेंडू कुणाकडे आहे, कुणाला पाडलं, कोण चिखलात लोळतंय. मी सांगितलेलं त्याला कधी पटायचं नाही, ती गोष्ट वेगळी.

त्या दिवशी दार उघडलं ते त्याच्या मुलीनं, हेस्टरनं. तिच्या मागे खोकी बांधून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बापाला कॉव्हेंट्रीला आपल्या घरी नेणार होती, कायमचं.

"जॉन्टीकाका, फार वेळ गारठ्यात उभं करू नका हं त्यांना."

"कॉव्हेंट्रीत कसलं रग्बी खेळतात ठाऊक आहे का तुला?" आतून किट ओरडला. "आपल्यासारखं तेरा जणांचं नाही, पंधरा जणांचं! सगळे डॉक्टर आणि वकील! समोरच्याला पाडायच्या आधी माफी मागतात!"

"सकाळपासून हेच चाललंय," हेस्टर म्हणाली. डोळे पुसत होती, पण हसतही होती.

रस्त्यावर आलो तेव्हा समुद्रावरून धुकं चढत होतं. किटनं माझा दंड घट्ट धरला होता. एरवी सैल धरायचा.

"शेवटचा सामना आहे माझा, जॉन्टी. चांगला झाला पाहिजे."

"चषकाचा सामना आहे, समोर मॉसगिल आहे. आणखी काय हवं तुला?"

"मला एब लिटलडेल हवाय," तो म्हणाला.

हे नेहमीचंच होतं. किटच्या लेखी जगात खरा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणारा गडी, एकच झाला, तो एब लिटलडेल. बर्फात झालेल्या कुठल्याशा सामन्यात एबनं कडेकडेनं धावत जाऊन कोपऱ्यात रेघेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय केला, तेव्हा किट बापाच्या खांद्यावर बसून पाहत होता. त्यानंतर त्यानं हजारो ट्राय पाहिले असतील, पण प्रत्येकाला तो एकच माप लावायचा. बिचारा एब तिशीच्या आतच खाणीत दगड कोसळून गेला. किटचा दुसरा लाडका म्हणजे पुढच्या फळीतला गॉर्डन स्कर. हा राक्षस पहिल्या स्क्रममध्ये, म्हणजे डोकी भिडवून होणाऱ्या रेटारेटीत, शिरण्याआधी कठड्याशी यायचा, तोंडातली कवळी काढायची आणि किटच्या हातात द्यायची. "धर रे जरा," म्हणायचा. ऐंशी मिनिटं ती कवळी किटच्या कोटाच्या खिशात. किट म्हणायचा की आमच्या क्लबसाठी आपण एवढं केलं, तेवढं अध्यक्षानंही केलं नसेल. स्करही पुढे म्हातारा होऊन वारला. त्याला खांदा द्यायला आम्ही दोघं होतो.

मैदानात पोचलो तेव्हा समोरचे खांब अजून दिसत होते. आमच्या टोकाला नेहमीची दहाबारा मंडळी होती. त्यात पंचांना छत्री दाखवून धमकावणारी विधवा डोरा स्टॅम्पर होतीच. आमच्या बाजूचा भोंगा खाऱ्या हवेनं गंजून कधीचा मुका झाला होता. त्यावर काय पुकारतात ते आम्हाला कधी कळायचं नाही, आणि त्यानं कुणाचं काही अडायचंही नाही.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात धुक्यानं आधी पलीकडचे खांब गिळले, मग मधली रेघ, मग कठड्यापलीकडचं गवत. मी सांगत होतो, पण दिसत मला काहीच नव्हतं. शेवटचा सामना आहे म्हाताऱ्याचा, म्हणून मनानंच जुळवायला लागलो.

"पेनिंग्टननं घेतला... डावीकडे वळला... एकाला चुकवलं..."

"पेनिंग्टन?" किट म्हणाला. "पेनिंग्टन इथं आपल्या समोर आडवा पडून शिव्या घालतोय. डोळे माझे गेलेत लेका, कान नाही."

आजूबाजूला हशा पिकला. डोरा म्हणाली, "बरं झालं, आज सगळेच आंधळे. आता तूच सांग, किट."

तेवढ्यात मध्यंतराची शिट्टी झाली.

डोरानं थर्मास काढला, त्यातला गरम चहा झाकणातून सगळ्यांनी घोटघोट घेतला. मध्यंतर जरा लांबलं. पलीकडून येणारी माणसांची गजबज हळूहळू विरत गेली. मला वाटलं, धुकंच आवाज पिऊन टाकतंय. समुद्र अगदी पाठीशी होता, पण त्याचीही गाज येईना. मग कुठंतरी, फार लांब, ओली शिट्टी वाजली. पाण्याखालून वाजवावी तशी.

"चला," किट म्हणाला, आणि ताठ झाला.

पुढे जे झालं तसं मी आयुष्यात ऐकलं नाही. किट सामना सांगायला लागला. आधी पुटपुटत, मग मोठ्यानं. चेंडू कुठं आहे, कुणी मागे टाकला, कुणी झेलला. तो बोलला की पाठोपाठ आवाज यायचा. "पाडला!" म्हणाला की धप्प. "मारली लाथ!" म्हणाला की चामड्यावर चामडं आपटल्याचा ठोका. आमच्या टोकाची सगळी माणसं सरकत सरकत त्याच्याभोवती जमली. आम्ही खाणीतले गडी, पोरासोरांसारखे तोंड उघडं टाकून ऐकत होतो.

"बरोबरी आहे अजून," किट म्हणाला. "मॉसगिल आपल्या रेघेवर आलंय. अडवलं! शाब्बास! कुणी अडवलं सांगू? स्करनं."

कुणीतरी हसलं.

"किट," डोरा हळूच म्हणाली, "आपल्या संघात स्कर कुठं आहे आता?"

"थांब गं. स्क्रम लागतोय."

चिखल तुडवत कुणीतरी जड माणूस कठड्याकडे आला. पावलं आमच्या समोर थांबली. मालिशच्या तेलाचा उग्र वास आला, आणि त्याखाली आणखी एक वास. खाणीत खूप खोल गेल्यावर येतो तो, ओल्या दगडाचा. किटनं तळहात पुढे केला. अगदी सहज, जन्मभर करत आल्यासारखा.

धुक्यातून एक हात आला. मनगटाच्या मागे काही दिसत नव्हतं. मोठा, चिखलानं माखलेला हात. त्यानं किटच्या तळहातावर काहीतरी ठेवलं आणि तो मागे गेला.

"राहू दे माझ्याजवळ," किट प्रेमानं म्हणाला आणि मूठ खिशात घातली.

माझ्या हातातलं थर्मासचं झाकण खाली पडलं. डोरानं माझी बाही पकडली.

"जॉन्टी... तुलाही..."

"दिसला," मी म्हटलं. "गप्प राहा..."

खरं सांगायचं तर पळावंसं वाटत होतं. पण किटचा चेहरा मी पाहत होतो. लग्नात सुद्धा तो इतका खुश नव्हता, मी शेजारीच उभा होतो म्हणून सांगतो. त्याला तिथं टाकून कसा पळणार? आणि खोटं कशाला बोलू, सामना बरोबरीत होता.

"वेळ संपत आली," किट म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "चेंडू बाहेर आला... लांब टाकला, फार लांब... कुणी नाहीये तिथं... आहे. आहे! लिटलडेल! एब आलाय कडेनं! पळ एब, पळ..."

आणि तो आला. आधी बुटांचा आवाज, एकट्याचा, अंगावर येत चाललेला. कठड्याचा लोखंडी गज माझ्या हाताखाली थरारला. मग धापा. मग आमच्या समोरून, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून, एक गडी निघून गेला. जाड लोकरीची, गळ्याशी नाडी बांधलेली जुनी जर्सी. काखेत चेंडू. जाता जाता त्यानं मान किटकडे वळवली. बाकी सगळं मला स्वच्छ दिसलं, पण चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं होतं.

"ट्राय!" किटनं गळा फाडला. "कोपऱ्यात! ट्राय!"

भीती कुठल्या कुठं गेली. आम्ही दहाबारा म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून नाचलो. डोरानं छत्री हवेत उडवली. तेवढ्यात शेवटची शिट्टी झाली, लांबलचक, आणि मग काहीच नाही. टाळ्या नाहीत, पावलं नाहीत. आपलाच श्वास आपल्याला ऐकू यावा अशी शांतता.

बॅटरीचा उजेड हलत हलत आमच्याकडे आला. मैदान राखणारा वॉल्ट होता.

"काय रे हे? अजून इथंच? मी फाटकाला कुलूप लावून चाललो होतो!"

"सामना संपेपर्यंत थांबणार नाही होय?" डोरा म्हणाली.

"कसला सामना? मध्यंतरालाच रद्द केला पंचांनी. भोंग्यावरून पुकारलं की! दोन्ही संघ अंघोळ करून कधीच गेले. कोपऱ्यातले झेंडेसुद्धा मी काढून ठेवलेत."

किट म्हणाला, "झेंडे घाईनं काढलेस, वॉल्ट. आत्ताच लागले असते."

मग आम्ही सगळे सरळ पबमध्ये गेलो. एकट्यानं घरी जायची कुणाची छाती नव्हती. पहिला ग्लास घटाघट संपला. दुसऱ्याला वाद सुरू झाला. वाद कशावर? भुताखेतांवर नाही. ट्राय धरायचा की नाही यावर. डोराचं म्हणणं, शिट्टी झाली म्हणजे झाला. एक जण म्हणाला, मेलेल्या गड्यांची नोंदणी रद्द होते. "कुठल्या नियमात लिहिलंय दाखव," किट म्हणाला, आणि ते कुणाला दाखवता येईना. शेवटी ठराव झाला की सॉल्टबेक जिंकलं. किट इतका हसला की त्याला ठसका लागला. घरी सोडताना मी गुपचूप त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. अस्तर मात्र ओलं होतं, आणि बर्फासारखं गार.

बुधवारी सामना पुन्हा खेळवला. आम्ही सपाटून हरलो. आमच्या टोकाची माणसं तो निकाल आजही मानत नाहीत.

किट रविवारीच हेस्टरबरोबर कॉव्हेंट्रीला गेला होता. पायऱ्यांवर शेजारची जागा रिकामी पाहून मला फार जड जायचं. पण तो फोनवर खुश असायचा. इतका खुश, की मला जरा रागच आला. करमतं तरी कसं याला तिथं, पंधरा जणांच्या मुलखात?

मार्चमध्ये एका शनिवारी दुपारी हेस्टरचा फोन आला. आवाज दबलेला.

"जॉन्टीकाका, बाबा खाणीत कामाला होते तेव्हा कधी झोपेत चालायचे का?"

"नाही बुवा. का गं?"

"सकाळपासून इथं धुकं आहे. जेवून ते खोलीत जाऊन पडले होते. मी घरातच होते, दार वाजलं नाही. आत्ता उठले, तर कान सुजून टम्म झालाय, गुडघे फुटलेत, केसांत गवत. विचारलं तर हसतात. म्हणतात स्क्रममध्ये असं व्हायचंच. काका, इथं मागेपुढे सगळी घरंच आहेत. मैदान कुठंच नाही हो..."

"दे त्याला फोन," मी म्हटलं.

किट आला. धापा टाकत होता, पोरासारखा.

"जॉन्टी! बोलवलं रे मला! गडी कमी पडत होता, मी आत. लेका, मला सगळं दिसतं तिथं! गवत दिसतं! दोन्ही खांब दिसतात!"

"किट," मी म्हटलं, "ऐक माझं... पुन्हा जाऊ नकोस."

"वेडा आहेस का? पुढच्या शनिवारी मोठा सामना आहे. आणि ऐक, अजून एक जागा रिकामी आहे, दुसऱ्या विंगवर. मी तुझं नाव देऊन ठेवलंय."

हेस्टर तिथेच कुठंतरी रडत होती, ते ऐकू येत होतं. त्या घरात ती आणि किट सोडून तिसरं माणूस नव्हतं. आणि तेवढ्यात किटच्या पाठीमागून, अगदी फोनजवळ, आमच्या किनाऱ्यावरच्या बोलीत कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं,

"विचार त्याला, बूट कितव्या नंबरचे लागतात..."