कॉम्प्युटर अडकतो तेव्हा

दुरुस्तीवाल्यांना सगळे डॉक्टर म्हणत, कारण कॉम्प्युटर उघडण्याआधी ते त्याच्या पाठीवर हात ठेवून ताप बघत. एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून बरा न झालेला एकही रोगी नव्हता. या घरात मात्र ते आज चौथ्यांदा येत होते, आणि जिना चढताना त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती.

खोली लांबट. खिडकीपाशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा, टेबलाखाली त्याचा डबा आणि पडद्यापुढे भिंतीकडे तोंड करून बसलेली सून. तिच्या पाठीमागे आरामखुर्चीत सासूबाई, शेजारी तिपाईवर चहाची किटली, वर भिंतीवर घड्याळ. सून पुस्तकांच्या शब्दसूची करून देई. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, ते. या वेळचं पुस्तक नऊशे पानांचं होतं. कॉम्प्युटरच्या पायी दोनदा उशीर झाला होता. आज पाचच्या आत सूची पोचली नाही तर पुन्हा काम मिळणार नाही, असं प्रकाशकांनी स्पष्ट कळवलं होतं.

"कालपासून पाच वेळा अडकला," सून म्हणाली. "बटण दाबून बंद केला, परत लावला, की ताळ्यावर येतो."

"मी बोलते म्हणून अडकतो, असं हिचं म्हणणं आहे, डॉक्टर. तेही लिहून घ्या," मागून आवाज आला.

"तसं नाही हो आई. तो अडकला की उलट तुम्हीच गप्प बसता. तेवढंच एक बरं."

"मी? मी कधी गप्प बसले?"

 सासूबाईंना गप्प बसलेलं डॉक्टरांनीही कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या खेपेला त्यांनी आतली धूळ काढली होती. दुसऱ्या खेपेला पंखा बदलला, तिसऱ्या खेपेला पॉवर सप्लाय. शिवाय सुनेला एक वही दिली होती: कधी अडकला, काय करत होता, किती वेळाने बटण दाबलं, सगळं मांडून ठेवायचं. पद्धतशीर माणूस. रोज सकाळी सातच्या बातम्यांना मनगटावरचं घड्याळ लावून मगच घराबाहेर पडणारा. पण वहीतल्या नोंदींना ना शेंडा ना बुडखा.

तीन वाजत आले होते. डॉक्टर टेबलाखाली शिरले. डबा न हलवता मागच्या वायरी दिसाव्यात म्हणून त्यांच्याजवळ दांड्याचा छोटा गोल आरसा असे. तो त्यांनी तिरका धरला. मागे सासूबाई चहा ओतता ओतता शेजारणीची हकीकत सांगत होत्या. "गुडघा बदलून घरी आली, आणि दुसऱ्याच दिवशी बाईसाहेब..."

"अडकला!" सून म्हणाली.

खोलीत एकदम शांत झालं.

डॉक्टरांनी सवयीने टेबलाखालून मान काढून पडद्याकडे पाहिलं. मग पुन्हा आरशाकडे. आरसा जरा जास्तच तिरका झाला होता. त्यात वायरी नव्हत्या, सासूबाई होत्या. तोंड उघडं. हात वर. किटलीच्या तोटीपासून कपापर्यंत चहाची धार होती.

ती पडत नव्हती.

 चहाची वाफसुद्धा जागच्या जागी होती.

"दाबू का बटण?" सुनेने विचारलं. तिचे डोळे पडद्यावर होते. अडकलेल्या कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस दुसरीकडे बघतच नाही. डॉक्टरांनीही एकोणीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

"दाबा," ते कसेबसे म्हणाले.

"...जिना उतरून भाजीला!" सासूबाईंनी वाक्य पुरं केलं. धार कपात पडली.

डॉक्टर बाहेर आले. "मावशी, बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय? दिवस तेवढे हल्ली चुटकीसरशी जातात. हा बघा, सकाळी केलेला चहा, अजून वाफाळतोय. हिचा बघा, गार पाणी झालंय."

"आईंना गरम मिळतो," सून मान न वळवता म्हणाली. "भिंतीवरचं घड्याळ तेवढं मागे पडतं. दोनदा सेल बदलले."

आरशावर बोटाचा डाग होता. डॉक्टरांनी तो पुसला, आणि जे दिसलं ते डागामुळेच, असं मनाशी ठरवून टाकलं. मग रॅम बदलली.  आज स्क्रू दोनदा खाली पडला.

पण नंतर कॉम्प्युटर चालला. एकदाही अडखळला नाही. साडेचारला सूची गेली, पोचल्याचं उत्तरही आलं. सुनेने खुर्चीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

"आता इकडे बसा, डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. "चौथ्या खेपेला तरी चहा घ्या."

डॉक्टर मागे जाऊन बसले. कप हातात घेतला, फुंकर घातली, एक घोट घेतला. दुसरा घोटही तितकाच कढत होता.

समोरचा पडदा नुकताच उजळत होता.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. बंद करून परत लावून बघितला," सून म्हणाली. तिचा कप रिकामा होता. मघा टेबलावर असलेलं ऊन आता कपाटावर चढलं होतं.

डॉक्टरांच्या मनगटावर चार छत्तीस झाले होते. भिंतीवरचं घड्याळ आधीच मागे पडलेलं. त्याचा काही भरवसा नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात मात्र पाच वाजून एक मिनिट होतं.

"कॉम्प्युटरच्या आतला सेल गेलाय, त्यामुळे त्याची वेळ चुकते," डॉक्टर समाधानाने म्हणाले. "उद्या बदलून देतो." रोगी बरा झाला होता. जुनी रॅम आणि वही पिशवीत टाकून ते निघाले.

दुकानाशी आले तर समोरचा शिंपी दार ओढून घेत होता.

"आज आवरलं लवकर?" डॉक्टरांनी विचारलं.

"लवकर? रोजच्याच वेळेला. तुमचं घड्याळ कुठं राहिलंय?"

डॉक्टरांनी मनगट कानाशी धरलं. चालू होतं. मग उभ्या उभ्याच त्यांनी वही उघडली. शेवटची नोंद आजची होती. अक्षर नेहमीसारखं नीट, घाई नसलेलं.

"४.३६. परत अडकला. सूची पाठवून झाली होती, म्हणून बटण लगेच दाबलं नाही. पंचवीस मिनिटं. आज पहिल्यांदा मागे वळून बघितलं. दोघांचेही डोळे उघडे होते. मग माझा चहा मी गरम गरम प्यायले."