कासवी मूठ

औषधांच्या दुकानात काउंटरमागे दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पाय आपले उरत नाहीत. त्या दिवशीही ती अशीच, काउंटरवर कोपर टेकवून, आता कुणी येऊ नये रे देवा, असं मनातल्या मनात म्हणत उभी होती. आणि नेमका तो आला. अंगठा रुमालात गुंडाळलेला, आणि रुमाल लालभडक.

"पट्टी द्या. मोठी. आणि... हसू नका."

"मी कुठे हसतेय?" ती म्हणाली. हसायलाही अंगात ताकद लागते, आणि तिची तर दुपारीच संपली होती.

तिने पट्टीची गुंडाळी काढली, तर कात्री जागेवर नाही. त्याने चांगल्या हाताने खिशातून घडीचा चाकू काढून पुढे केला. चाकू तळव्यात आला आणि तिचं बोट आपसूक मुठीवरून फिरलं.

"उंटाचं हाड," ती सहज म्हणाली.

तो अंगठा विसरला. "सगळे हस्तिदंत म्हणतात!"

"हस्तिदंताला हे बारीक काळे ठिपके नसतात. हाडाला असतात."

"तुम्हाला चाकूंचा शौक आहे?"

"वीट आहे," ती पट्टी कापत म्हणाली. "शौक बाबांना. मला नुसता वीट."

तो मनापासून हसला. मग कळलं की तो मुठी बसवणारा. मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. जुन्या चाकूंना नव्या मुठी करून द्यायच्या, सुऱ्या-कात्र्यांना धार लावायची.

"रोज हेच काम करता? आणि तरी कापून घेतलंत?"

"समोरून कुणीतरी गेलं. लक्ष गेलं."

"कोण गेलं एवढं?"

"औषधांच्या दुकानातली बाई. डबा हातात, आणि चाल अशी की... आत्ता खाली बसेल का मग बसेल." तो ओशाळला. "किती झाले पट्टीचे?"

तिचा हिशेब चुकला. दोनदा चुकला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, आणि अशी काही भानगड आपल्या बाबतीत होऊन युगं लोटली, असं तिला वाटलं.

आता तिच्या बाबांबद्दल सांगायलाच हवं. बाबा जहाजावर आचारी होते. बाकीचे खलाशी बंदरात उतरले की काय काय आणायचे, बाबा चाकू आणायचे. खिशात मावणारे, घडीचे, जुन्या घडणीचे. पात्यात त्यांना फारसा रस नव्हता, सगळा जीव मुठीत. म्हशीचं शिंग, सांबराचं शिंग, शिंपला, शिसव, पितळ. पुढे डोळे गेले तेव्हाही म्हातारा डगमगला नाही. रोज संध्याकाळी चाकूंची पेटी मांडीवर घ्यायची, एकेक मूठ चाचपायची, नाव सांगायचं, आणि लेकीने "बरोबर" म्हणायचं. लेक दिवसभर उभी राहून आलेली असायची, पण "बरोबर" म्हणायला दुसरं होतंच कोण? दादा-वहिनी दुसऱ्या गावी होते आणि आई फोटोत.

"ठमे," त्याच आठवड्यात बाबा म्हणाले, "ही मूठ रडतेय बघ."

ठमी हे तिचं घरातलं नाव. अंगावर मूठभर मांस नाही आणि नाव ठमी! तिने पाहिलं. पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांची, कासवाच्या पाठीसारखी ती मूठ खरोखरच ओली, चिकट झाली होती. कडेचा तुकडा बोटाला लागून निघाला. अख्ख्या पेटीत बाबांनी स्वतः न आणलेला हा एकच चाकू. लग्नानंतर पहिल्यांदा जहाजावर निघाले तेव्हा आईने त्यांच्या खिशात घातलेला.

दुसऱ्या दिवशी दुकान सुटल्यावर ती मागच्या गल्लीत गेली. त्याने आधी स्टूल पुढे केलं. "बसा. मग बोला." ती बसली, आणि दिवसभरात आपण पहिल्यांदाच बसतोय हे तिच्या लक्षात आलं.

त्याने मूठ हुंगली, मान हलवली. "कासव नाही हे. सेल्युलॉइड, जुन्या काळचं प्लास्टिक. कासवाची नक्कल. म्हातारं झालं की आतून सडतं आणि वाफ सोडतं. ती वाफ शेजारच्या चाकूंना खाते. बंद पेटीत होता?"

"घट्ट झाकणाच्या," ती म्हणाली. "मीच ठेवले. बाबा दिसेल तिथे चाकू ठेवायचे, उशीखाली, साबणाच्या वडीशेजारी. माझा जीव मेटाकुटीला आला होता हो."

"मग बरोबर केलंत," तो लगेच म्हणाला. "माणसाने काय काय बघावं? बाकीचे मी पुसून देतो. पण हा एक लक्षात ठेवा, बंद जागेत दुसऱ्या चाकूंबरोबर कधी म्हणजे कधीच नाही. मूठ नवी करावी लागेल."

"बाबांना हात लावताच कळेल."

"कळू दे की. त्यांनाच विचारून करू."

आणि तो खरंच घरी आला, पिशवीभर तुकडे घेऊन. बाबांनी शिंपला हातात घेतला. "गार." सांबरशिंग. "टोचतं." शिसव. "चांगलं आहे, पण गप्प आहे." मग म्हशीच्या शिंगाचा गुळगुळीत काळा तुकडा हातात आला आणि म्हातारा त्यावरून अंगठा फिरवत राहिला. "हिची आई अशी होती," शेवटी म्हणाले. "आधी परकी वाटायची. जरा धरून ठेवलं की हात सोडवत नसे. हे लावा. आणि मुठीवाले, चाकू लवकर द्या. शाळांना सुट्टी लागली की मुलगा टेम्पो घेऊन येतोय. आम्ही दोघं कायमचे तिकडे जातोय. ठमीने सांगितलं असेलच."

ठमीने सांगितलं नव्हतं. दादाने फोनवर ठरवून टाकलं होतं आणि ती "बरं" म्हणाली होती. नाही म्हणायला भांडावं लागतं, आणि भांडायला पुन्हा ताकद.

जिना उतरताना तो एवढंच म्हणाला, "ठमी?"

"हसू नका."

"मी कुठे हसतोय?" तो म्हणाला. पण आवाज पडलेला होता.

काम तसं दोन-चार दिवसांचं. पण ते काही होईना! आज काय, शिंगाला तडा गेला. उद्या काय, मनासारखं पितळ मिळेना. परवा काय, डिंक वाळला नाही. खिळ्यांनी ठोकायच्या मुठीला कसला आलाय डिंक? बाबांच्या पेटीच्या शाळेत शिकलेल्या मुलीला एवढं कळत नव्हतं की काय? पण ती "बरं" म्हणायची आणि स्टुलावर बसायची. तो धारेच्या चाकावर सुऱ्या लावत असायचा, चाक एकसुरी घरघरत असायचं, बाहेर गारठा नाहीतर धूळ. दोन वाक्यं बोलेपर्यंत तिचे डोळे मिटायचे. ती पेंगली की तो चाक बंद करायचा. हातातलं काम अर्धवट टाकून गप्प बसायचा, तिची झोप मोडू नये म्हणून. दारात गिऱ्हाईक आलं तर ओठांवर बोट ठेवायचा.

"मी झोपले होते का?" ती विचारायची.

"छे. जरा विचार करत होतात."

"कसला?"

"ते तुम्ही सांगायचं... मी काय आत शिरून बघतो?"

थंडी सरली, उन्हं तापली, आणि दादाचा फोन आला. रविवारी टेम्पो. ती दुकान सुटल्यावर तडक मागच्या गल्लीत गेली आणि स्टुलावर न बसता म्हणाली, "चाकू द्या."

"अजून जरासं—"

"काय जरासं? बाबा रोज विचारतात. त्यांच्या हाताला आईची एवढी एकच वस्तू आहे. रविवारी आम्ही जातोय, आणि तुम्ही अजून थापा मारताय! डिंक म्हणे! मला काय कुक्कुलं बाळ समजता?" बोलता बोलता आवाज चिरकला. इतक्या दिवसांत ती कुणावर अशी ओरडली नव्हती, आणि ओरडता येतं हे पाहून तिलाच नवल वाटलं.

तो उठला. भिंतीतलं काचेचं कपाट होतं, त्यात त्याचे स्वतःचे चाकू, त्याच्या उस्तादाने दिलेले, विकायचे नसलेले. काचेवर पडदा ओढलेला होता. नेहमी उघडा असणारा पडदा हल्ली बंद का, हे तिने कधी विचारलं नव्हतं. त्याने पडदा सारला, दार उघडलं. आंबूस, डोळ्यांत झोंबणारा वास बाहेर आला.

वरच्या खणात आईचा चाकू, तसाच, कासवी मुठीसकट. मुठीला हातही लावलेला नव्हता. आणि भोवतीचे सगळे चाकू गंजलेले. पितळावर हिरवी बुरशी चढावी तसा थर, पाती लालसर, हाडाची मूठ खिळ्यांपाशी काळी पडलेली.

"अहो!" तिने कपाळाला हात लावला. "तुम्हीच तर मला सांगितलं होतं. कधी म्हणजे कधीच नाही!"

"हो."

"मग?"

"पहिल्याच दिवशी तू गेलीस तेव्हा ठेवला. हरवू नये म्हणून माझ्या सगळ्यांत जपलेल्या जागी. डोकं ठिकाणावर नव्हतं. दोन आठवड्यांनी उघडलं तर ही दशा. तेव्हा काढायला हवा होता. पण काढला तर मूठ करावी लागणार. केली तर चाकू द्यावा लागणार. आणि दिला तर..." तो स्टुलाकडे पाहत राहिला. "पडदा ओढून टाकला आणि गप्प बसलो. आयुष्यभर दुसऱ्याच्या मुठी बसवल्या, थकलो. घरी गेलं की कुलूप उघडायचं आणि दिवा लावायचा, बस्. तू येऊन बसतेस ना... तेवढा वेळ नाही वाटत तसं. मला तू आवडतेस. इथेच राहा, असं म्हणायचा मला हक्क नाही. पण म्हणतोय."

तो तिला पहिल्यांदाच अगं-तुगं करत होता, आणि त्याच्या ते ध्यानातही नव्हतं. तिला हसू फुटलं. मग हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ते थांबवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

"उस्तादांचे चाकू हो! वेडे आहात का तुम्ही?"

"असेन."

"माझ्याबरोबर बाबा येतात," ती नाक पुसत म्हणाली. "पेटीसकट. रोज संध्याकाळी शेजारी बसून 'बरोबर' म्हणावं लागतं. कंटाळा येतो. मलाही येतो. आज गोड वाटेल, वर्षभराने पळून जाल."

"मी चुकीचंही म्हणेन अधूनमधून. त्यांना भांडायला मिळेल."

 मग तिने आईचा चाकू कपाटातून उचलला, उघड्या खिडकीत वाऱ्याला ठेवला. फडक्यावर तेल घेतलं, एक गंजलेला चाकू ओढला आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसून पुसायला लागली. ज्यांचा वीट आला होता तेच चाकू. "मूठ शनिवारी हवी," ती म्हणाली. "थापा नकोत."

शनिवारी काळ्या शिंगाची मूठ बाबांच्या हातात आली. म्हाताऱ्याने पातं उघडलं, मिटलं. तो ओळखीचा कट्ट आवाज ऐकला, आणि मूठ गालाला लावली. "हिच्या आईचा चाकू," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "ठमे, दादाला तू सांगणार की मी सांगू?"

"काय सांगायचं बाबा?"

"मला फक्त दिसत नाही गं. तुला रोज दारापर्यंत सोडून गेलेला मुठीवाला पुन्हा जिना चढतो, दारापाशी थांबतो आणि परत उतरतो, हे ऐकू येतं मला."

दादाला तिनेच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा फोनवर भांडली, चांगली तासभर, आणि जिंकली. टेम्पो आला नाही.

सोमवारी संध्याकाळी ती नेहमीसारखी मागच्या गल्लीत आली, स्टुलावर बसली, भिंतीला डोकं टेकवलं. त्याने एक सुरी लावायला घेतली होती. तिचे डोळे मिटले तसा त्याने हात पुढे करून चाक बंद केलं.

"चालू ठेवा," ती डोळे न उघडताच म्हणाली.

"झोप ना. आवाज होतो."

"त्या आवाजातच झोप लागते मला. तुम्ही चाक बंद केलंत की दर वेळी जाग यायची."

तो गोंधळला. "दर वेळी? मग इतके दिवस... डोळे मिटून?"

"एकट्या तुम्हालाच थापा मारता येतात होय?" ती म्हणाली. "बघत बसायचात तुम्ही. मला बरं वाटायचं."

त्याने हातातली सुरी उलटी धरली, मग सुलटी.

"आज मात्र खरंच दमलेय हो," ती पुटपुटली. "चालू करा."

त्याने चाक सुरू केलं. घरघर पुन्हा दुकानभर पसरली, आणि ती खरोखर झोपली.