खोलीची शांतता

बेपत्ता माणसांवर चार चित्रपट करायचे ठरले होते, त्यातला हा तिसरा. पहिल्या दोन्हींतली माणसं सापडली नव्हती, आणि याही वेळी सापडणार नव्हती. सापडली असती तर चित्रपट कशाला काढला असता, असं कॅमेरावाला म्हणायचा. अशा चित्रपटांना शेवट नसतो, म्हणून शेवटी रिकामी खुर्ची दाखवतात. दिग्दर्शिकेनं घरात पाऊल टाकल्या टाकल्या तशी एक खुर्ची हेरूनही ठेवली होती.

साउंडवाल्याला खुर्चीशी देणंघेणं नव्हतं. कॅमेरावाला त्याला 'कानाडोळा' म्हणायचा. नाव उलटं पडलं होतं, कारण त्याच्या कानातून काहीच सुटत नसे. पंख्याची कुरकुर, नळाची टपटप, कुणाच्या पोटातली गुरगुर, काहीही ऐकू आलं की तो चालू चित्रण थांबवायचा आणि सगळ्यांच्या शिव्या खायचा. बारा वर्षं हेच काम केल्यामुळे शिव्यांची त्याला सवय झाली होती.

घर गल्लीच्या टोकाला होतं. तीन खोल्या एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या. शेवटच्या खोलीला एकच दार आणि गज लावलेली एक खिडकी. अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी घरातले गृहस्थ फडताळात घालायला जुनी वर्तमानपत्रं आणतो म्हणून त्या खोलीत गेले. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. साधा माणूस, ना व्यसन, ना कुणाशी वाकडं. बायको स्वयंपाकघरात होती. सोळा वर्षांची मुलगी मधल्या खोलीत, त्या दाराकडे तोंड करून अभ्यासाला बसली होती. पंधरा मिनिटं झाली तरी ते येईनात, म्हणून बायकोनं हाक मारली. मग ती आत गेली. वर्तमानपत्रांचा गठ्ठा सुतळी बांधून खाटेवर तयार होता. माणूस नव्हता.

पोलिसांनी मुलीला सात वेळा विचारलं. सातही वेळा ती म्हणाली, बाबा आत गेले, बाहेर आले नाहीत. आठव्या वेळी म्हणाली, "कदाचित माझं लक्ष नसेल." झालं. तेवढ्यावर सगळ्यांनी हुश्श केलं. माणूस घर सोडून गेला. कुठे, कुणाबरोबर, हे ज्यानं त्यानं आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवलं. पुढे मुलगीही तेच म्हणू लागली. आई मात्र 'ते परत येतील' हा आपला हेका सोडायला तयार नव्हती. आता मुलीला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती, तिनं तिथे घर घेतलं होतं, आणि आई काही हलत नव्हती. "हे आले आणि दाराला कुलूप दिसलं, तर?" एवढंच म्हणायची. आईनं एकदा सगळं मोकळेपणी बोलून टाकलं तर तिचं मन हलकं होईल, या आशेवर मुलीनं चित्रपटाला होकार दिला होता.

आई बोलली. शेवटच्या खोलीत, खाटेवर बसून, दोन तास. ना रडली, ना आवाज चढवला. दुधाचा हिशोब सांगावा तसं सांगितलं. मुलगी ऐकायला थांबली नाही. चहाचं सामान आणते म्हणून बाहेर पडली.

बोलणं संपल्यावर साउंडवाल्याचं एक काम उरतं. प्रत्येक खोलीत एक मिनिटभर कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि ती नुसती शांतता यंत्रावर घेऊन ठेवायची. नंतर बोलण्याचे तुकडे जोडताना मधल्या फटी त्या शांततेनं बुजवतात. लोकांना वाटतं शांतता सगळीकडे सारखीच. तसं नसतं. प्रत्येक खोलीची वेगळी असते, माणसाच्या अंगाच्या वासासारखी.

"एक मिनिट, सगळ्यांनी गप्प," तो म्हणाला आणि हेडफोन कानांवर चढवले.

खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास होता. खिडकीतून दुपारचं ऊन आलं होतं. आधी ऐकू आली ती नेहमीची, कापसासारखी शांतता. मग त्या कापसात चपला वाजल्या. सावकाश, जड पावलं. कुणीतरी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होतं, थांबत होतं, परत येत होतं. साउंडवाल्यानं कॅमेरावाल्याच्या पायांकडे पाहिलं. तो अनवाणी, भिंतीला टेकून उभा होता. दिग्दर्शिका दारात, पुतळ्यासारखी. पावलं जवळ आली. आणि एक पुरुषी आवाज, घसा न खाकरता बोललेला, हळू म्हणाला,

"अगं... कुठे गेलात सगळे?"

मिनिट संपलं. "झालं?" दिग्दर्शिकेनं विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

ते दोघं खुर्चीचं चित्रण करायला पुढच्या खोलीत गेले. साउंडवाल्यानं वायर तपासली, दुसरी लावून पाहिली. कुणाचा रेडिओ किंवा फोन मध्ये घुसतो कधीकधी, तसलं काही असेल. आई खाटेवरून उठली नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

"काय ऐकलंत?"

"काही नाही, मावशी. रस्त्यावरचा आवाज."

"मागं रस्ता नाही. नुसती भिंत आहे."

त्याला खोटं बोलता येत नसे. त्यानं हेडफोन तिच्या कानांना लावले आणि ते मिनिट पुन्हा चालवलं. तिनं डोळे मिटून घेतले. शेवटी हेडफोन काढून मांडीवर ठेवले, वायरची नीट गुंडाळी केली.

"ह्यांचाच आवाज," ती म्हणाली. "बसलाय थोडा. बरेच दिवस कुणाशी बोलले नसतील."

साउंडवाल्यानं यंत्र बंद केलं.

"म्हणजे हे कुठे गेले नाहीत," ती पुढे म्हणाली. "ह्यांना वाटतंय, आम्हीच गेलो. अकरा वर्षं शोधतायत बिचारे." तिनं हेडफोन त्याच्या हातात दिले. "पोरीला सांगू नका हं. मोठ्या कष्टानं तिनं मनाची समजूत घातलीय. ती मोडली तर पुन्हा जुळायची नाही."

"नाही सांगत."

मग ती उठली, पदर सारखा केला, आणि रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी राहून, घरातून निघताना निरोप सांगावा तशा आवाजात म्हणाली, "अहो, ऐकलंत का? मी पोरीकडे जातेय राहायला. तिच्या गावी. बाजारामागची पिवळी इमारत, दुसरा मजला, उजव्या हाताचं दार. घाई नाही. सावकाश या."

पुढच्या आठवड्यात तिनं घर सोडलं. मुलीला काय आनंद झाला! तिनं दिग्दर्शिकेला फोन करून आभार मानले: तुमच्यामुळे आई मोकळी झाली. दिग्दर्शिकेला हा शेवट खुर्चीपेक्षा बरा वाटला. नव्या घरात आईचं एक छोटं दृश्य घेऊ, म्हणाली, आणि दोन महिन्यांनी कॅमेरावाला आणि साउंडवाला अशा दोघांना तिकडे धाडलं.

पिवळ्या इमारतीला अजून रंगाचा वास येत होता. या घरात आधी कुणीच राहिलं नव्हतं. मुलगी कामावर गेली होती. आईनं भाजी चिरली, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, चार वाक्यं बोलली. कॅमेरावाला बाहेरून इमारत टिपायला खाली उतरला. साउंडवाल्याला निघून जाता आलं असतं. पण शांतता न घेता निघणं त्याच्या अंगवळणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दोन महिने त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

घड्याळात सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यानं यंत्र चालू केलं. आई समोर वेताच्या मोड्यावर बसली, हात मांडीवर ठेवून.

शांतता. नवी, कोरी, भिंतींना अजून काही चिकटलं नव्हतं. मग खूप खाली, जिन्यावर, चपला. माणूस दमला होता. पहिल्या मजल्यावर तो थांबला, श्वास घेतला, पुन्हा चढू लागला. उघड्या दारातून साउंडवाल्याला जिना दिसत होता. जिन्यावर ऊन होतं आणि कुणीही नव्हतं. पावलं दारापर्यंत आली, उंबऱ्यावर थबकली.

"सापडलं," तो आवाज म्हणाला.

साउंडवाल्यानं हेडफोन ओरबाडून काढले.

"आले?" आईनं विचारलं.

त्यानं होकाराची मान हलवली. मग त्याला एकदम भीती वाटली, स्वतःसाठी नव्हे. "मावशी, तुम्ही... आज जरा बाहेर जाऊन या कुठेतरी. मुलीच्या कामावर जा, तिथे बसा. चला, मी सोडतो."

आई हसली. "अकरा वर्षं वाट बघितली, आणि आता माणूस दारात आला तर मी बाहेर जाऊ? काहीतरीच तुमचं."

कॅमेरावाला वर आल्यावर तिनं दोघांना सरबत पाजलं आणि जिन्यापर्यंत पोचवायला आली.

संध्याकाळी सातच्या सुमाराला स्टुडिओत बसून त्यानं ते मिनिट शेवटपर्यंत ऐकलं. सकाळी त्यानं हेडफोन आधीच काढले होते, यंत्र मात्र चालूच होतं, त्यामुळे पुढचं ऐकायचं राहिलं होतं. 'सापडलं' नंतर त्याचं आणि आईचं बोलणं होतं, पुढे दहा-बारा सेकंद काही नव्हतं. मग एका बाईचा आवाज, तरुण, दुसऱ्या खोलीतून हाक मारल्यासारखा.

"आई?... आई, कुठे गेलीस?"

मुलीचा आवाज होता. सकाळी मुलगी घरात नव्हती.

त्यानं लगेच फोन लावला. मुलीनंच उचलला, चांगली हसत. "हो दादा, आत्ताच आले. आई ना? आहे की. कपड्यांच्या घड्या करतेय आत, आत्ता बोलत होती माझ्याशी. थांबा, देते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं आत गेली.

"आई?..."

एक दार उघडलं. दुसरं उघडलं.

"आई, कुठे गेलीस?"

तोच सूर, मध्ये तेवढीच फट. साउंडवाला फोन कानाला लावून बसून राहिला. मुलगी बराच वेळ फोनकडे परत आली नाही.

पोलीस आले. त्यांचं काम पडताळून बघायचं, म्हणून मुलीला पुन्हा पुन्हा विचारलं. जिना एकच, दार एक, मुलगी दाराजवळ चपला काढत उभी. ती प्रत्येक वेळी म्हणाली, "आई आत होती. बाहेर आली नाही." आठव्या वेळीही तेच म्हणाली, नवव्या वेळीही. खाटेवर घड्या घातलेले कपडे होते, अर्धी घडी घातलेला एक टॉवेल होता. तो चित्रपट पुढे झालाच नाही.

साउंडवाल्यानं तिला सगळं सांगितलं, दोन्ही मिनिटं ऐकवली. तिनं त्याला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी माझं लक्ष होतं." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, बापासाठी रडली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ती त्याला फोन करते. एकच मागणं असतं: दादा, काही बोलू नका, मिनिटभर फोन चालू ठेवा. तुमच्या बाजूनं नीट ऐकू येतं. तो ठेवतो. त्याला स्वतःला काही ऐकू येत नाही. तिच्या श्वासाशिवाय काही नाही. तिला काय ऐकू येतं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. मिनिट झालं की ती "बरे आहेत दोघं" म्हणते आणि फोन ठेवते.

मागच्या रविवारी तिनं लगेच फोन ठेवला नाही.

"दादा, तुम्ही मध्येच बोललात का?"

"नाही. मी तर गप्प होतो."

"हो ना," ती हळूच म्हणाली. "आज तिघं बोलत होते. तिसरा आवाज तुमचा होता."