सावलीत वाढवलेली लेक

“हाई काय शे?... बोल ना वं! तुन्हा गुडघाले हाई काय व्हयनं?”

रंजितानं हर्षालीचा पाय आपल्या मांडीवर घट्ट धरला होता. रोज संध्याकाळी इंग्रजीच्या शिकवणीला म्हणून पांढरे मोजे आणि बूट घालून निघणारी ही लेक... आणि तिच्या गुडघ्याचं हे एवढं सालटं गेलेलं, त्यावर कुणीतरी मायेनं दाबून लावलेली हळद, आणि टाचेच्या भेगेत शाळेच्या मैदानातला मुरूम! शिकवणीच्या सतरंजीवर बसून कुणाचे गुडघे फुटतात, हे न कळण्याइतकी रंजिता काही दुधखुळी नव्हती.

हर्षाली पाय सोडवून घेऊ बघत होती. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून खाली मान घालून धाकटी जाऊ कामिनी पुढं आली.

“तिले रागावू नका, आक्का. मीच लई जास तिले... रोज. खोखो खेयाले.”

कामिनी? जिनं आपल्या पोटचा गोळा एका शब्दानं आपल्या ओटीत घातला, ती कामिनी... आपल्या पाठीमागं...!

शहाद्याकडच्या सडकेला लागून असलेल्या त्या गावात हेमकांत आणि धर्मेंद्र या दोघा भावांचं घर मोठं नांदतं होतं. कापूस होता, केळी होती, गोठ्यात दुभतं होतं. उणं होतं ते एकच... थोरली सून रंजिता, हिची कूस उजवली नव्हती. नवससायास झाले, सुरतेपर्यंतचे दवाखाने झाले. लग्नकार्यात ओटी भरायची वेळ आली की बायका तिला हळूच वगळून पुढं जायच्या, आणि ती चहाचं बघायच्या निमित्तानं आत निघून जायची. कामिनीला पहिली रुपा झाली, आणि दुसऱ्या लेकीच्या बारशाला सगळ्या गावादेखत कामिनीनं ती तान्ही पोर उचलली आणि जावेच्या ओटीत घातली! सासूबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या दिवसापासून हर्षाली रंजिताची झाली; बोलू लागली तशी तिनं रंजिताला ‘माय’ म्हटलं आणि जन्मदात्रीला ‘काकू’. कामिनीनं त्यानंतर एकदासुद्धा चुकून त्या पोरीला ‘माझी’ म्हटलं नाही.

आणि रंजिता? तिनं त्या लेकीला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. आपल्या पोटची असती, तर कदाचित पडू दिली असती, रडू दिली असती. पण ही तर दुसरीच्या काळजाची ठेव! हिला ओरखडा उमटला तर कामिनीला काय तोंड दाखवू? या एका धास्तीनं ती झोपेतसुद्धा दचकायची. ज्या मुलखात घराच्या धाब्यावर टाकलेली मिरची बघता बघता कडकडीत वाळते, त्या मुलखात या पोरीला अंगणात जायचं तर डोक्यावर छत्री! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावभरच्या पोरी लिंबाच्या फांदीला झोका बांधून आभाळाला पाय लावायच्या, आणि ही आईच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवायची. शाळेत कवायतीच्या तासाला हिला वर्गातच बसवा, असं गुरुजींना सांगून आलेली रंजिताच होती. अति तिथं माती, असं एकदा हेमकांत म्हणाला. त्यावर ती दोन दिवस जेवली नाही.

त्यात गेल्या काही दिवसांत मात्र नवल घडलं होतं. घास पुढं केला की तोंड फिरवणारी हर्षाली स्वतःहून भाकरी मागू लागली होती. अंथरुणाला पाठ टेकताच तिला झोप लागायची, गालांवर रंग चढला होता, आणि ती खदखदून हसायची! रंजिता कौतुकानं आल्यागेल्याला सांगत सुटली, “मन्हा बदामना गुण शे हाऊ! रोज भिजाडीसन चारस तिले.” कामिनी शेजारीच भाकरी थापत असायची. ती मान न उचलता म्हणायची, “हो ना आक्का, बदामनाच गुण शे.”

आणि आज हा गुडघा!

रंजिताच्या अंगाचा तिळपापड झाला. बदामांचं कौतुक खोटं पडलं याचा अपमान, की लेक दुरावते आहे याची भीती... कोण जाणे! पण जे कधीच ओठांवर यायला नको होतं, ते त्या संध्याकाळी आलं.

“दिधेल लेक तुले माघारी पाहिजे! म्हणीसन तू हाऊ कावा करा! तिन्हा मनमाईन माले काढाले निंघनी तू... वांझ बाईना जीवनं तुले काय शे?”

रुपा दाराआड रडू लागली. कामिनीचा चेहरा पांढराफटक पडला... ओठ हलले, काहीतरी सांगावं असं तिला वाटलं असावं; पण तिनं ते गिळलं.

“नही आक्का... तशी काही गोठ नही. मन्ही चुकी व्हयनी.”

एवढंच! पुढच्या आठवड्यात, रुपाच्या शाळेचं निमित्त सांगून, धाकट्यांचं बिऱ्हाड शहाद्याला गेलं. धर्मेंद्रची साखर कारखान्यात नोकरी होती, त्यामुळे गावाला कारण पटलंही. जाताना कामिनी जावेच्या पाया पडली. रंजितानं पाय मागं घेतले.

मग हर्षालीची शिकवणी बंद झाली, मैदान बंद झालं, आणि हळूहळू पोरीचं हसणंही बंद झालं. मोबाइल हातात घेऊन ती खाटेवर पडून राहायची. पायात गोळे येतात म्हणायची. चार पायऱ्या चढली की धापा टाकायची, आणि बारीकसारीक गोष्टीवर चिडून रडायची. रंजितानं दृष्ट काढली, मिरच्या-मोहऱ्या चुलीत टाकल्या, बदाम दुप्पट केले, तूप वाढवलं. आणि एके सकाळी शाळेत प्रार्थनेला उभी असतानाच पोर कोसळली!

हेमकांतनं गाडी काढली आणि शहाद्याच्या मुलांच्या दवाखान्यात त्यांनी तिला उचलून नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, छाती तपासली, पाय वाकवून पाहिले. नंतर चष्मा काढून त्या पोरीकडं बघून हसल्या.

“हिला तर मी ओळखते. हर्षाली ना? मागे हिची आई घेऊन आली होती... काय गं, खेळणं सोडलंस वाटतं?”

रंजिता पुढं सरकली. “हिन्ही आई? डॉक्टर, हिची आई तर मी आहे...”

“मग त्या हिच्या काकू असतील; ही तशीच हाक मारत होती, पण मला वाटलं त्याच आई. घरचे कुठल्याशा लग्नाला बाहेरगावी गेलेत म्हणाल्या, आणि हिच्या पायांत कळा येत होत्या. तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. हिला मोठा रोग काही नाही. हाडं कच्ची राहिलीत, रक्त थोडं कमी आहे. त्याची औषधं मी देईन. पण बाई, हाडाला ऊन लागतं, धावून-उड्या मारून त्याच्यावर भार पडावा लागतो, तेव्हा ते भरतं. पळाल्याशिवाय छाती फुलत नाही, दमल्याशिवाय खरी भूक लागत नाही आणि शांत झोपही लागत नाही. चार पोरींत हरायला-जिंकायला मिळालं, की मनसुद्धा घट्ट होतं. ते काही बाटलीत भरून देता येत नाही मला!”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग ओशाळून म्हणाल्या, “त्या दिवशी मी जरा रागातच बोलले त्यांना. म्हटलं, लेकराला असं सावलीत कोंडून ठेवणारी कसली आई ही? तर त्या बिचाऱ्या हात जोडून म्हणाल्या, ‘मीच ठेवलं डॉक्टर, माझंच चुकलं...’ मला नंतर वाईट वाटलं.”

मीच ठेवलं!

रंजिता बाहेर येऊन बाकावर बसली. तिचा स्वतःचा गुन्हा... आणि तो परक्या दवाखान्यात, परक्या बाईपुढं, कामिनीनं आपल्या पदरात बांधून घेतला होता! घरी येऊन ती ब्र काढू शकली नव्हती, कारण ते वाक्य घरी आणलं असतं तर ते रंजिताच्या काळजात घुसलं असतं. म्हणून तिनं खोटी शिकवणी रचली, पोरीचे गुडघे गुपचूप हळदीनं भरले, बदामांना मान दिला... आणि शेवटी लेक माघारी घेण्याच्या काव्याचा तो घाणेरडा आरोपही मुकाट्यानं ऐकून घेतला. आणि मी? मी पाय मागं घेतले! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं रंजिताला झालं. मायेच्या नावाखाली आपण लेकीला जपत नव्हतो, आपल्या भीतीला जपत होतो, हे तिला त्या दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या कळलं, आणि ती तोंडाला पदर लावून हुंदके देऊ लागली. हेमकांत नुसता तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला.

त्यानंतर रंजितानं पहिली गोष्ट केली ती गुरुजींना जाऊन सांगण्याची. “हिले खेयाडा गुरुजी. पडू द्या.” पण जावेच्या दारी जायला मात्र तिचा पाय उचलेना. कोणत्या तोंडानं जायचं?

बघता बघता आखाजी जवळ आली. खानदेशातल्या सासुरवाशिणीला दिवाळीपेक्षा आखाजी प्यारी. माहेराहून मुऱ्हाळी येतो, लेकीला घेऊन जातो. मग झोके, फुगड्या, गाणी... बाई पुन्हा पोर होते. कामिनीला मात्र मुऱ्हाळी यायचा नाही. आईबाप गेलेले, पाठीला भाऊ नाही. दर आखाजीला ती गावातल्या बाकीच्या सुनांना निरोप देऊन सांजोऱ्या तळत बसायची. आणि इतकी वर्षं एका घरात राहून हे आपल्या कधी नजरेस आलं नाही... ही आणखी एक टोचणी रंजिताला लागली. तिनं आखाजीच्या तोंडावर डबा भरून सांजोऱ्या तळल्या, हर्षालीचं बोट धरलं आणि एसटीनं शहादा गाठलं.

कामिनीनं दार उघडलं आणि ती जागच्या जागी थिजली.

“आक्का... तुम्ही?”

“मुऱ्हाळी उनू शे तुन्ही,” रंजिता उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली. “तुन्हं माहेर नही ना... माले भाऊ समज, माय समज, पन घर चाल. आनि... आनि हाई तुन्ही लेक. तू माघारी ली ले. मी तिले सांभायाले नालायक शे, कामिनी! डॉक्टरीननी माले बठ्ठं सांगं.”

तिनं हर्षालीला पुढं केलं आणि ती खाली वाकली. पण तिचा हात कामिनीच्या पायांपर्यंत पोचण्याआधीच कामिनीनं तिला दोन्ही खांद्यांना धरून वर उचललं. दोघी गळ्यात गळा घालून अशा रडल्या, की शेजारीण दार उघडून बघू लागली.

“काबर नही सांगं माले?” रंजितानं हुंदके देतच विचारलं.

“काय सांगू, आक्का? तिले बदाम चारतांना तुम्हना तोंडवरना आनंद देखा, आनि मन्ही जीभच उचलनी नही.” कामिनीनं डोळे पुसले. “आनि वटीमा घालेल लेक कोनी माघारी लेस का? माय तर तिन्ही तुम्हीच. माले फक्त तिले पयतांना देखू द्या... बस.”

हर्षाली दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. ती हळूच म्हणाली, “काकू, रुपाताई कोठे शे? माले तिन्हाबरोबर खेयनं शे.”

आखाजीच्या दिवशी दुपार कलल्यावर गावच्या शाळेच्या मैदानात पोरींनी खोखोचा डाव मांडला. दोघी जावा शाळेच्या ओट्यावर बसल्या. पाटीत बसलेल्या पोरी ‘खो’ मिळताच उठत होत्या, रुपा मागावर होती, आणि हर्षाली... धापा टाकत, घामानं निथळत, हुलकावणी देत खांबाकडं पळत होती! रंजितानं तिला असं पळताना कधीच पाहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोरून पोरीचं सगळं बाळपण निघून गेलं, सगळं सावलीतलं, आणि तिचं मन पुन्हा तिला खाऊ लागलं.

तेवढ्यात खांबाजवळ वळताना हर्षालीचा पाय घसरला. ती तोंडावर आपटली. कोपर फुटलं, आणि तिनं मान वर करून ओट्याकडं पाहिलं. डोळे भरलेले होते.

रंजिता ताडकन उठली... आणि थबकली. शेजारी कामिनी बसलेलीच होती. तिची बोटं ओट्याच्या कडेवर पांढरी पडली होती, सगळं अंग पुढं झुकलं होतं. पण ती उठली नव्हती.

आणि मग रंजिताला उमगलं. हर्षालीला पहिला ताप आला तेव्हा ही अशीच दाराशी बसली होती. दात येताना पोर रात्ररात्र रडायची तेव्हा पलीकडच्या खोलीत ही अशीच बसली होती. शाळेचा पहिला दिवस, गोवर, प्रत्येक रडणं... उठायचं माझं, आणि बसून राहायचं हिचं! मला हा एक क्षण बसवत नाही... हिनं एवढी वर्षं कशी काढली असतील? देवा, कशी?

रंजिता सावकाश खाली बसली.

“कामिनी,” ती म्हणाली, “तू जाय.”

कामिनीनं चमकून तिच्याकडं पाहिलं. “नही आक्का, तुम्ही...”

“जाय वं माय! मी बठस आठे. जाय तू!”

कामिनी उठली. पहिली दोन पावलं तिनं चालत टाकली, आणि मग ती पदर सावरायचंही विसरून भर मैदानातून पळत सुटली. पोरी बाजूला झाल्या. तिनं मातीत गुडघे टेकले, लेकीचं कोपर हातात घेऊन त्यावर फुंकर घातली, तिच्या कानात काहीतरी पुटपुटली, आणि पाठीवर थाप देऊन तिला पुन्हा डावात ढकललं. हर्षाली पळाली.

कामिनी तिथंच मातीत बसून तिच्याकडं बघत राहिली. आणि ओट्यावर रंजिता दोन्ही हात मांडीत दाबून, वाहत्या डोळ्यांनी, जागची हलली नाही.