येऊन राह्यला

गडचिरोलीत लग्नासाठी मुलगी मिळणं सोपं, भाड्याचं घर मिळणं अवघड, असं मी दुकानात येणाऱ्याला नेहमी सांगतो. आधी लोक हसतात. आठवडाभर घर शोधून परत आले की हसत नाहीत. खाणीच्या कामावर आलेले, नव्या कॉलेजात नेमणूक झालेले, बदलीवर आलेले, सगळ्यांना एकदमच घर हवं आहे आणि गाव आहे तेवढंच आहे. एखादं घर खाली झाल्याचं सकाळी कळलं की संध्याकाळपर्यंत त्याच्या फाटकाशी चौदा जण उभे. घरमालकही आता साधे राहिले नाहीत, ते मुलाखती घेतात.

माझं नाव अश्वजित. चामोर्शी रोडवर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. ही गर्दी बघून दोन वर्षांपूर्वी मी एक युक्ती काढली. हातात आधार कार्डाची चुरगळलेली झेरॉक्स घेऊन आलेल्याला कोण घर देणार? मी भाडेकरूची फाइल बनवून देतो. वर फोटो, मग नोकरीचं पत्र, आधीच्या घरमालकाची चार ओळींची चिठ्ठी, घरात कोण कोण राहणार त्याचा तक्ता, आणि शेवटी पोलीस पडताळणीचा अर्ज, आधीच भरलेला. माझ्या फाइलवाल्याला घर लागतं अशी गावात हवा झाली आहे. नियम एकच. फाइल सजवायची, पण तिच्यात खोटं घालायचं नाही. माझे वडील शाळामास्तर होते, कागदावरच्या खोट्याची त्यांना किळस होती आणि ती माझ्यात पुरती उतरली आहे. चुकीची तर मला त्याहून चीड. एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी मी पान फाडतो, आणि बायको कागदाच्या नासाडीवरून माझ्याशी भांडते.

मे महिन्याच्या शेवटी रुपाली आली. तिशीतली, नर्स. एटापल्लीहून इथल्या सरकारी दवाखान्यात बदली मागून घेतलेली. सोबत सासू होती, ठमाबाई. पाय सुजलेले, चेहरा पिठासारखा, पण नजर तरतरीत. म्हातारीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि त्यासाठी एटापल्लीहून इथपर्यंत बस. तो रस्ता खनिजाच्या ट्रकांनी असा उखडला आहे की धडधाकट माणूस उतरल्यावर घटकाभर बसून राहतो. मागच्या खेपेला आष्टीजवळ ठमाबाई बसमध्येच बेशुद्ध पडल्या. डॉक्टरांनी रुपालीला स्पष्ट सांगितलं होतं की पावसाळ्याच्या आत इथे घर करा, हा प्रवास आता त्यांना झेपायचा नाही.

रुपाली एका मैत्रिणीच्या खोलीत कोपऱ्यात झोपत होती. तिथे सासूला ठेवायची सोय नव्हती. तिने नऊ घरं पाहिली होती. कुणाला एकटी बाई नको होती, कुणाला आजारी माणूस. दहावं घर दवाखान्याच्या अगदी मागच्या गल्लीत होतं. तळमजला, दाराला एकच पायरी. मालकीण वरच्या मजल्यावर राहायची. शिर्के मॅडम, नव्या कॉलेजात शिकवणाऱ्या, साताऱ्याकडच्या, इथे येऊन जेमतेम वर्ष झालेलं.

"हे घर भेटलं नाई तर मी तिले गमावतो, भाऊ," रुपाली म्हणाली. रडली नाही. नर्स लोक रडत नाहीत, आकडे सांगितल्यासारखं सांगतात. मला मात्र गलबलून आलं.

मी त्या दिवशी दुसरं काम घेतलं नाही. एटापल्लीच्या घरमालकाला फोन करून चिठ्ठी मागवली, तक्ता केला, रुपालीच्या सह्या घेतल्या, ठमाबाईंचा अंगठा घेतला. अंगठ्याची शाई पुसता पुसता ठमाबाईंनी विचारलं, सगळ्यांची नावं घेतली ना? घेतली जी, मी म्हणालो आणि फाइल बंद केली.

चार दिवसांनी शिर्के मॅडमचा फोन आला. सोळा अर्जांतून दोन फाइली उरल्या होत्या, एक खाणीच्या इंजिनिअरची आणि एक रुपालीची. मॅडमचा कल रुपालीकडे होता. त्या वरती एकट्या राहायच्या, खाली घरात एखादा पुरुष माणूस असला तर त्यांना बरं वाटणार होतं. तो कुठे आहे, एवढंच त्यांना हवं होतं.

कोण पुरुष माणूस, असं मी विचारलं.

त्यांनी तक्ता वाचून दाखवला. एक रुपाली, दोन ठमाबाई, तीन विनोद, नातं मुलगा, वय छत्तीस. "मी परवा आजींना दवाखान्यात भेटून आले. विनोद कुठे आहेत विचारलं, तर म्हणाल्या, येऊन राह्यला. म्हणजे ते येऊन राहिलेत ना इथे?"

तसं नाही मॅडम, मी सांगितलं. आमच्याकडे खाऊन राह्यला म्हणजे खातो आहे, येऊन राह्यला म्हणजे निघाला आहे, वाटेत आहे. मॅडमना गंमत वाटली. मग येऊ देत, त्या म्हणाल्या. मी त्यांच्याकडून दोन दिवस मागून घेतले आणि घाईने संगणकावर फाइल उघडली.

तिसऱ्या ओळीत खरंच नाव होतं, विनोद. चूक माझीच. मी नवी फाइल कधी कोऱ्या पानावर सुरू करत नाही. आदल्या गिऱ्हाइकाची उघडायची, जुनी नावं पुसायची, नवी भरायची. आदलं गिऱ्हाईक बँकेतला एक विनोद होता, आई-वडिलांची नावं आधी घालून तो स्वतः तिसरा राहिला होता. दोन ओळी मी बदलल्या होत्या, तिसरीतलं नाव पुसायचं राहिलं होतं. पण माझ्या संगणकावर नुसतं नावच होतं. वय आणि नातं, दोन्ही रकाने रिकामे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेलो. ठमाबाई आत यंत्रावर होत्या, रुपाली बाहेरच्या बाकावर. मी चूक कबूल केली आणि म्हणालो, वय-नातं तुम्ही पेनाने भरलंत ते बरं नाही केलं. तिने पेन लावलाच नव्हता. फाइल दुकानातून थेट मॅडमच्या घरी गेली होती आणि घेऊन जाणारा मीच होतो.

विनोद तिच्या नवऱ्याचं नाव होतं. दोन वर्षांपूर्वी तो गेला.

"छत्तीसच लिवलं आहे?" तिने विचारलं. "गेले तवा चौतीसचे होते." मग बराच वेळ ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.

मी योगायोग म्हणालो. विनोद नावाचे ढिगाने आहेत, मॅडमनीच कुठे ठमाबाईंना विचारून रकाना भरला असेल. हे सांगताना मला ते पटत होतं. रुपालीने डोळे पुसले आणि ते नाव कापायला सांगितलं. मॅडमला पुरुष माणूस हवा आहे, नाव कापलं तर घर इंजिनिअरला जाईल, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. खोटं सांगून घर नको, ती म्हणाली. फक्त बुढीले सांगू नका.

अशी माणसं असली की माझ्या नियमाचा मला अभिमान वाटायचा सोडून राग येतो.

सकाळी नवा तक्ता घेऊन मी मॅडमच्या दारात उभा राहिलो. दोन माणसं, दोन ओळी. त्या झाडांना पाणी घालत होत्या आणि खुशीत होत्या.

किल्ली त्यांनी देऊन टाकली होती. काल चार वाजता तो स्वतः आला, किल्ली घेऊन गेला.

कोण, मी विचारलं.

विनोद, त्या म्हणाल्या. उंच, किडकिडीत, बोलायला फार सालस. एवढ्या उन्हात अंगाभोवती चादर गुंडाळलेली, ते मात्र त्यांना नवल वाटलं. उशीर झाला म्हणून माफी मागत होता. रस्ता लय खराब आहे जी, म्हणाला.

मी जुनी फाइल मागितली. तिसऱ्या ओळीत निळ्या शाईने 'मुलगा' आणि '३६' लिहिलं होतं. बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर. मॅडमचं अक्षर गोल होतं, ते मी त्यांच्या दारावरच्या पाटीवर पाहिलं होतं. नवा तक्ता घडी करून मी खिशात ठेवला आणि दवाखान्याकडे निघालो. गल्ली ओलांडली की दवाखान्याची मागची भिंत, इतकं ते जवळ होतं.

नातेवाइकांच्या शेडमध्ये ठमाबाई गाठोडं घेऊन बसल्या होत्या. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्या सकाळच्या बसने परत जायच्या. आज त्यांना बसची घाई नव्हती. मुठीत किल्ली होती.

मी समोर उकिडवा बसलो. कुणी दिली, विचारलं नाही. खिशातून कागद काढला आणि एवढंच म्हणालो की चूक माझी आहे, ते नाव मला कापावं लागेल.

ठमाबाईंनी माझा हात धरला. त्यांचा हात थंड होता.

"त्या रोजी आमी त्याले इथीच आनत होतो, बापू. लय ताप होता. आलापल्लीच्या पुढं नाल्याले पूर आला, गाड्या अटकल्या. माह्या मांडीवर डोस्कं होतं त्याचं. घडीघडी विचारे, आई, गडचिरोली किती राह्यली? मी म्हनो, आलीच. मंग त्यानं विचारनं बंद केलं."

मुठीतली किल्ली त्यांनी घट्ट धरली.

"सगळे म्हनले, आता कायले जाता. गाडी वळवली. मी वळू देली. तो दवाखान्यालेच निघाला होता ना? दोन साल लागले त्याले. तू नको कापू."

आमच्या घरात भुताखेतांना कधी थारा नव्हता, वडिलांनी तो येऊ दिला नव्हता. तरी मी कागदाचे चार तुकडे केले आणि शेडमधल्या डब्यात टाकले. वडील हयात असते तर त्यांना काय सांगितलं असतं, कोण जाणे.

त्याच आठवड्यात त्या राहायला गेल्या. रुपालीने मला चहाला बोलावलं तेव्हा घरात दोघीच होत्या, दोघींचीच चप्पल, दोघींचीच ताटं. ठमाबाईंच्या पायाची सूज उतरली होती, चेहऱ्यावर रंग आला होता. चहा गाळताना रुपाली हळूच म्हणाली की तिला तो दिसत नाही, तिने खूप पाहिलं. पण ती घरी आल्यावर बुढीच्या औषधाच्या गोळ्या वेळेवर दिलेल्या असतात, आणि तिला आता ड्युटीवर काळजी वाटत नाही. हे सांगताना ती लाजली. निघताना जिन्यात मॅडम भेटल्या आणि म्हणाल्या, आईला हाताला धरून गल्ली ओलांडून नेतो हो तो, असा मुलगा हवा.

मी त्या संध्याकाळी घरी गेलो तो हलका होऊन. कसं झालं ते मला कळत नव्हतं, पण एका म्हातारीचा जीव वाचला होता आणि त्यात माझ्या एका चुकीचा हात होता.

तीन आठवडे गेले.

काल पोलीस ठाण्यातला सुनील पडताळणीला जाऊन आला. आज सकाळी दुकान उघडताच तो अर्जांचा गठ्ठा घेऊन झेरॉक्सला आला. वर रुपालीचा अर्ज होता. सुनील नेमस्त माणूस आहे. जे दिसेल ते लिहितो, जास्तीचं एक अक्षर नाही.

क्रमांक एक, रुपाली, ड्युटीवर. क्रमांक दोन, ठमाबाई, घरी, झोपलेल्या. क्रमांक तीन, समक्ष पाहिले. पुढे सही होती, बारीक, डावीकडे झुकलेली.

खाली शेऱ्याच्या रकान्यात सुनीलने लिहिलं होतं: 'क्र. ३ याचे अंगात ताप दिसला. दवाखाना मागेच आहे, दाखवून घ्या असे सांगितले. आता इथे काम नाही, उद्या आईला घेऊन जातो, असे म्हणाला.'

ठमाबाईंना डायलिसिसला न्यायचे वार सोमवार आणि गुरुवार.

आज बुधवार आहे.