तारेत अडकलेलं रडणं

जिल्हा जाल केंद्राच्या भिंतीवर प्रत्येक गावाचं बोलणं एकेका हिरव्या रेघेसारखं वाहत होतं. पाचकणीची रेघ इतकी बारीक होती की बोट ठेवून दाखवल्यावरही शालनला ती चटकन सापडली नाही. शेजारची हेळंब्याची रेघ मनगटाएवढी जाड होती. ती मात्र तिला आत पाऊल टाकतानाच दिसली होती.

"धरणाच्या पाण्याच्या ह्या काठाला आम्ही, त्या काठाला ते," शालन म्हणाली. "मधे होडीचा रस्ता. त्यांना काचतंतूची रुंद तार, आणि आम्हाला ही सुतळी?"

"ताई, ही सुतळीसुद्धा एरवी निम्मी रिकामी असते," अभियंता फरीदा मुल्ला शांतपणे म्हणाली. "तार भरून वाहायला लागली, की मगच रुंद तार मंजूर होते. नियमच आहे तसा."

"रिकामी? माझ्या पोरीचं रडणं तिच्यात अडकतंय, आणि तुम्ही रिकामी म्हणता?"

फरीदाने प्रश्नार्थक नजरेनं यादव सरांकडे पाहिलं. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले सर पाचकणी जालहक्क समितीचे सचिव होते, आणि शालन अध्यक्ष.

"ह्यांची लेक जुई चिली देशात दुर्बिणीवर काम करते," सर म्हणाले. "दर रविवारी संध्याकाळी पडद्यावर दूरभेटीला येते. मॅडम, तुमची यंत्रणा पूर्ण चित्र पाठवतच नाही ना?"

"नाही. दोन्ही टोकांना अंदाजयंत्र असतं. माणूस पुढच्या क्षणी कसा दिसेल, कसा बोलेल, ते यंत्र आधीच्या भेटींवरून ओळखतं आणि पडद्यावर रंगवतं. तारेतून जातो तो फक्त अंदाज आणि खरं यांतला फरक."

सर शालनकडे वळले. "अध्यक्षबाई, दूधवाला सकाळी आला, ही बातमी कुणी कुणाला देतं का? तो आला नाही, तर बातमी. तार फक्त तेवढंच वाहून नेते. जे अपेक्षित नव्हतं ते."

"आम्ही त्याला नवलांश म्हणतो," फरीदा म्हणाली. "तार अपुरी पडली, की बारीकसारीक नवलांश गाळले जातात. आवाजातला कंप, पापणीची ओल. त्यांच्या जागी यंत्र नेहमीचा चेहरा ठेवतं."

"म्हणजे जुई तिकडे रडत असेल आणि मला हसताना दिसत असेल?"

"संध्याकाळी गर्दी असेल तर... शक्य आहे."

शालनला एवढंच हवं होतं.

कारण आठ दिवसांपूर्वी बाजारात तिची जाऊ इंदू भेटली होती. हेळंब्याची इंदू. जुई तिच्याकडे राहून दहावी झाली होती, आणि तेव्हापासून शालनच्या मनात एक काटा रुतलेला होता. भाजीची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत इंदू म्हणाली होती, "ताई, जुईला जरा जपा हो. परवा बोलता बोलता ढसाढसा रडली पोर. तुम्हाला नाही सांगितलं?"

'तुम्हाला नाही सांगितलं?' त्यात खोट काढायला जागा नव्हती. इंदूचा सूर खरोखरच काळजीचा होता, आणि म्हणूनच शालनला तो सोसला नाही. इंदूनं दिलेल्या चकल्या तिनं घरी येऊन शेजारणीच्या हवाली केल्या. नऊ महिने पोटात मी वाढवली, आणि तिचे अश्रू हिच्या पदरात! कशाच्या जोरावर? तर काचतंतूच्या.

समितीची सभा देवळाच्या ओसरीवर भरली. "तार भरायची असेल तर नवल करावं लागेल," यादव सरांनी समजावलं. "रोजच्यासारखं बोललात, तर तारेत काहीच उमटणार नाही. अंदाजयंत्राला चकवा."

पाचकणीनं मग आठवडाभर जे केलं, त्याची आठवण काढून लोक अजून हसतात. तुकाराम न्हाव्यानं पुण्याच्या व्याह्यांशी उलटं बसून, पडद्याकडे पाठ फिरवून गप्पा मारल्या. भजनी मंडळानं अभंग लावणीच्या चालीवर म्हटले. "यंत्राला चकवायचंय का देवाला?" असं विचारत पुजारी उठून गेला. जन्मात सुनेचं कौतुक न केलेल्या एका सासूनं ते पडद्यावर केलं. सुनेनं घाबरून डॉक्टरांना फोन लावला. शालननं स्वतः गॉगल लावून तहसीलदारांशी दूरभेट घेतली. भिंतीवरची हिरवी रेघ फुगली, नियमाची मर्यादा ओलांडून गेली आणि काचतंतू मंजूर झाला.

फक्त रविवारची दूरभेट शालननं ह्या खेळात घातली नाही. लेकीशी कसली सोंगं करायची?

काचतंतू आला, त्या रविवारी ती नवं लुगडं नेसून बसली. पडद्यावर जुई आली. तीच वेणी, तेच हसू.

"जेवलीस का?"

"हो आई."

"थंडी आहे का गं?"

"आहे थोडी."

"झोप होते ना?"

"होते."

शालन पडद्याच्या अगदी जवळ गेली. पापण्या कोरड्या होत्या. आवाज सरळ होता. पुढचा रविवार तसाच गेला, त्याच्या पुढचाही.

ती एकटीच जिल्ह्याला गेली. "तुमचा तंतू खोटा आहे. इंदूला चांगला दिलात, आम्हाला उरलासुरला."

फरीदानं तिच्या परवानगीनं तिच्या दूरभेटींचा मापक उघडला.

"तंतूत दोष नाही, ताई. जुईकडून तुमच्याकडे येणारे नवलांश फार थोडे आहेत. जुन्या तारेतूनही ते सहज आले असते. आलेच होते. गाळलेले नवलांश शून्य. तुमच्या भेटींच्या वेळी तार कधी भरलीच नव्हती."

"म्हणजे ती माझ्यापुढे रडलीच नाही?"

"नाही."

तार अपुरी होती तोवर इंदूचा हेवा करायला तरी आधार होता. "इंदूकडे बघा," ती पुटपुटली. "तिच्याकडे किती येतात?"

"दुसऱ्याचं मला दाखवता येणार नाही." फरीदा घुटमळली. "पण तुमचीच दुसरी बाजू दाखवते. तुमच्याकडून जुईकडे जाणारे." पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट होती. "तुमचं पुढचं वाक्य यंत्राला दर वेळी आधीच ठाऊक असतं."

रविवारी जुई पडद्यावर आली. शालनच्या ओठांवर 'जेवलीस' आलं होतं. तिनं ते गिळलं.

"जुई, मला इंदूचा हेवा वाटतो. तू तिच्यापुढे रडतेस, माझ्यापुढे नाही. रात्र रात्र जळते मी."

चित्र फुटलं. काचतंतू असूनही क्षणभर पडद्यावर नुसते चौकोन थरथरले. यंत्राकडे ह्याचा अंदाजच नव्हता. मग चौकोन जुळले आणि शालनला लेकीचा कधी न पाहिलेला चेहरा दिसला.

"आई? ही तू आहेस? खरी तू?"

"असं काय विचारतेस?"

"मला वाटायचं, पाचकणीची तार एवढी बारीक, त्यातून तू येतच नसणार." जुईचे ओठ कापत होते. "दर रविवारी तीच तीन वाक्यं, तोच सूर. वाटायचं, इकडचं यंत्रच तुला रंगवतंय. आणि तुझ्या चेहऱ्याच्या यंत्रापुढे रडायचं कसं गं? म्हणून काकीला सांगायचे. वाटायचं, काचतंतू आला की माझी आई येईल. आला, तरी तू तशीच. मग मी आशाच सोडली."

'तंतू नुकताच दुरुस्त झालाय', एवढं एक खोटं वाक्य पुरलं असतं. जुईनं विश्वास ठेवला असता. तार वर्षानुवर्षं दोषी राहिली असती आणि शालन सुटली असती.

"नाही गं," शालन म्हणाली. "यंत्र नव्हतं ते. इतकी वर्षं ती मीच होते."

जुई तिच्याकडे पाहत राहिली, आणि मग हुंदका देऊन रडू लागली.