कोपरा केवढा असतो?

मी त्याला पकडलं तेव्हा त्याच्या तोंडात आमचे जव होते.

कापणीचे दिवस. ओंब्यांवर सकाळचं दव अजून ओलं होतं. बाबा डोंगराच्या वरच्या टप्प्यात कापत होते आणि मी पाण्याचा घडा घेऊन त्यांच्याकडे निघाले होते. तेवढ्यात खालच्या टप्प्यातलं पीक हललं. वारा तर नव्हता. बकरी शिरली असेल म्हणून दगड उचलून गेले, आणि बघते तर माणूस! ओंब्या तळहातावर चोळायचा, फुंकर मारायचा, दाणे तोंडात टाकायचा. अगदी निवांत, बापाचं शेत असल्यासारखा.

"कुणाचं शेत आहे हे?" मी विचारलं.

त्यानं आधी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुझं असावं. दगड तरी तुझाच दिसतोय."

"आणि तू चोर."

"चोर कसा? खाली शहरात सगळे म्हणतात, डोंगरावरचे लोक शेताचा कोपरा कापत नाहीत. गरिबासाठी ठेवतात, परक्यासाठी ठेवतात. मी गरीबही आहे आणि परकाही. खरं तर मला दोन कोपरे मिळायला हवेत."

"कोपरा तो तिकडे. तू शेताच्या मधोमध उभा आहेस."

त्यानं वळून कोपरा पाहिला, मग स्वतःचे पाय पाहिले. "कोपरा केवढा असतो?"

आता आली का पंचाईत. कोपरा सोडायचा हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण केवढा, ते कधी कुणी सांगितलेलं नाही. बाबा बकऱ्यांचा कळप बसेल एवढा सोडतात. गेराकाका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ आणि गावातले वडीलधारे, एक बोकड मावेल एवढा सोडतात. तोही उपाशी बोकड.

"चोराच्या उलट्या बोंबा," मी म्हटलं. पण मला त्याची मनगटं दिसली होती. दोन्हींवर दोरीचे काळे वळ होते. मी दगड टाकला आणि घडा पुढे केला.

तो घटाघटा प्यायला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं आणि मी उगीचच दुसरीकडे बघायला लागले.

त्याचं नाव मत्तान. माझं होग्ला, म्हणजे तितर. ते ऐकून तो म्हणाला, "शोभतं. तितरही असाच झुडपातून एकदम अंगावर येतो."

"आणि चोचही मारतो," मी म्हटलं.

खालच्या शहराच्या राजाकडे तो विटांच्या खड्ड्यात होता. जन्मापासून. तिथून पळालेला माणूस सापडला तर शिपाई आधी त्याचे पाय मोडतात, मग त्याला परत खड्ड्यात बसवतात. आमच्याकडे परक्याला कापणी होईपर्यंत राहू देतात. कोपऱ्यातलं खावं, खळ्यावर झोपावं. कापणी संपली की त्यानं आपली वाट धरायची. गेराकाकांनी पहिल्याच दिवशी हे त्याला बजावलं. मत्ताननं मान डोलावली. मीही डोलावली असती, पण माझी मान तशी घडलेलीच नाही.

जव संपले, गहू उभा होता. संध्याकाळी डोंगरावर वारा सुटायचा आणि आम्ही खळ्यावर उफणायला लागायचो. मी धान्य उडवायची, तो समोरून भुसा ओढायचा. भुसा माझ्या केसांत बसायचा. एकदा त्यानं हात पुढे केला, मधेच थांबवला, आणि नुसती फुंकर मारली… हळूच. भुसा उडाला की नाही, मला आठवत नाही.

"खाली काय खायचास रे?" मी विचारलं. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"सणासुदीला डुक्कर."

"शी."

"खायचो म्हटलं."

"आणि आता?"

"आता तू जे वाढशील ते."

"मी वाढते असं कोण म्हणालं?"

"कुणी नाही," तो म्हणाला आणि मान खाली घालून इतक्या मनापासून भुसा ओढायला लागला की मला हसू आवरेना.

त्याच संध्याकाळी मी त्याला सणाचं सांगितलं. गहू घरात आला की गाव उभ्या दगडांपाशी जमतं. प्रत्येक घरधनी काकांच्या हातून आपल्या पिकाची टोपली ठेवतो आणि म्हणतो, मी गुलाम होतो.

"तुमच्यातले सगळे गुलाम होते?"

"आजोबांच्या आजोबांचे आजोबा. मिसर देशात. पण म्हणताना 'मी' म्हणायचं. 'ते' म्हटलेलं चालत नाही."

त्यानं भुसा ओढायचं थांबवलं. मग म्हणाला, "आम्ही हे लपवतो, होग्ला. तुम्ही मोठ्यानं म्हणता… तेही सणाला?"

त्याच्या आवाजात काय होतं ते सांगता येणार नाही. पण त्या क्षणी मी ठरवलं की हा माणूस खाली जाणार नाही, आणि गेला तर एकटा जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना सरळ सांगितलं. आडवळणानं बोलायला मला जमत नाही.

बाबांनी विळा खाली ठेवला. "दगडांपाशी टोपली ठेवलेल्या माणसालाच मुलगी देतात, पोरी."

"मग तो ठेवील."

"त्याला शेत नाही. ते शब्दही त्याचे नाहीत. दादा टोपली हातात घेणार नाही."

"काकांचं काकांपाशी. तुम्ही घ्याल?"

बाबांनी विळा परत उचलला. त्याला नुसती धार लावत बसले. मी मात्र त्याच दुपारी वेताची एक लहान टोपली विणून मत्तानच्या हातात दिली. कोपऱ्यातले जव त्यानं कमी खाल्ले होते आणि जास्त साठवले होते. कशासाठी, ते त्यालाही तोवर माहीत नव्हतं.

सणाच्या सकाळी सगळं गाव टेकडीवर जमलं. एकेक घरधनी पुढे जाऊन गेराकाकांच्या हाती टोपली द्यायचा आणि म्हणायचा, "मी गुलाम होतो. माझ्या पाठीवर परक्याचं ओझं होतं. देवानं मला मोकळं केलं." काकांनी स्वतः ते म्हटलं तेव्हा मला दरवर्षीसारखं हसू आलं. काकांच्या पाठीवर जन्मात कधी पाण्याचा घडाही चढलेला नाही.

शेवटी मत्तान पुढे झाला.

"यात काय आहे?" काकांनी विचारलं.

"जव."

"कुठले?"

"शेताच्या कोपऱ्यातले."

"म्हणजे आमचंच दान आम्हालाच आणून दाखवतोस? कोपरा दिला की शेत मागतात, म्हणतात ते खोटं नाही."

लोक हसले. मत्तान एक पाऊल मागे सरला. ते एक पाऊल मला सहन झालं नाही. आईनं माझी बाही धरली होती, ती सोडवून मी बायकांमधून बाहेर आले.

"काका, कोपऱ्यातलं पीक कुणाचं?"

"होग्ला, मागे जा."

"जाते. आधी सांगा. लहानपणी मी कोपऱ्यातली एक ओंबी तोडली म्हणून तुम्ही माझा कान पिळला होता. तेव्हा काय म्हणाला होतात?"

काकांनी दाढी खाजवली. उत्तर गावाला पाठ होतं, त्यामुळे त्यांना ते द्यावंच लागलं. "कोपरा आपला नसतो."

"मग हे जव आपले कसे? त्याचेच आहेत."

"जव असतील त्याचे. शब्द त्याचे नाहीत. याचा कोण मिसरात होता?"

आता मत्तान बोलला. खांद्यावरचं कापड त्यानं बाजूला केलं. कावडीनं खांदा चेपून तिथली कातडी दगडासारखी झाली होती.

"तुमचे शब्द मला नीट येत नाहीत. माझे आहेत ते सांगतो. मी गुलाम होतो, मागच्या थंडीपर्यंत. राजाच्या विटा वाहायचो. माझी आई त्याच खड्ड्यात गेली. मला कुणी बाहेर काढलं, त्याचं नाव मला ठाऊक नाही. वरती राजा नाही एवढंच ऐकलं होतं, म्हणून चढत राहिलो."

कुणी हसलं नाही. पण काकांचे हातही पुढे आले नाहीत. काकांनी टोपली घेतली नाही तर ती ठेवली जात नाही, आणि मग संध्याकाळच्या आत मत्तान खालच्या वाटेला, शिपायांच्या तोंडी.

मी टोपली त्याच्या हातातून घेतली.

"बाईमाणसानं टोपली ठेवायची नसते," मागून कुणीतरी म्हणालं.

"कापायचं बाईनं, उफणायचं बाईनं, दळायचं बाईनं. तेव्हा नाही कुणाला आठवत." मी दगडांपर्यंत गेले आणि गावाकडे तोंड करून उभी राहिले. "दरवर्षी आपण म्हणतो, मी गुलाम होतो. आज तसा माणूस खरंच समोर उभा आहे. त्याला खाली पाठवलंत तर पुढच्या सणाला हे शब्द मी कुणालाही म्हणू देणार नाही. मधेच उठून ओरडेन. तुम्ही मला ओळखता."

ओळखत होते.

तेवढ्यात टोपलीखाली आणखी दोन हात आले. बाबांचे.

"दादा," बाबा म्हणाले, "आपले आजोबा याच वाटेनं वर आले. एक गाढव आणि एक फुटकं मडकं घेऊन. मिसर त्यांनीही पाहिलं नव्हतं. पण टोपली ठेवू दिली त्यांना कुणीतरी."

काकांनी बाबांकडे पाहिलं, मत्तानच्या खांद्याकडे पाहिलं. वेळ लागला त्यांना. मग ते पुढे आले आणि त्यांनी टोपलीला हात लावला.

"मडकं फुटकं नव्हतं," ते म्हणाले.

टोपली दगडांपाशी ठेवली गेली.

उतरताना मत्तान मागे रेंगाळला. मीही रेंगाळले, चपलेत खडा गेल्याचं सोंग करून.

"आता मला राहायला जागा हवी," तो म्हणाला.

"केवढी?"

"कोपरा पुरे."

"तुला? तू पहिल्या दिवशीच शेताच्या मधोमध उभा होतास."

"होग्ला…"

"काय?"

"त्या दिवशी मला कोपरा दिसला होता. तू घडा घेऊन जातानाही दिसली होतीस. मग मी मधे सरकलो."

मी खाली वाकून दगड शोधला. सापडला नाही, म्हणून त्याचा हात धरला.

पुढच्या वर्षी जव कापले ते आमचे, बाबांनी दिलेल्या खालच्या टप्प्यातले. मत्तान कापत कापत आला आणि थांबला तो शेताचा चांगला तिसरा हिस्सा उभा ठेवूनच. गेराकाका बांधावर काठी टेकून बघत होते.

"अरे, हा काय कोपरा झाला?"

मत्ताननं माझ्याकडे पाहिलं. मी खालच्या वाटेकडे बोट केलं.

"राहू द्या, काका," तो म्हणाला. "अजून कुणीतरी चढत असेल."